मायना, मजकूर आणि विराम : अनौपचारिक लेखनातील पिढ्यांचे अंतर

परभणी जिल्ह्यातील जिंतूरसारख्या तालुक्याच्या गावी आज एकाच कुटुंबातील आजोबा, मुलगा आणि नात हे तिघेही एकमेकांस दररोज काही ना काही लिहीत असतात. ही गोष्ट वरवर साधी वाटली तरी मराठी लेखनाच्या इतिहासात ती अपूर्व आहे. पूर्वी घरात पत्र लिहिणारा एखादाच असे. इतरांनी सांगावयाचे व त्याने लिहावयाचे, अशी रीत होती. आज लेखन हे संभाषणासारखे सर्वांच्या हाती आले आहे. परंतु ते सर्वांच्या हाती आले त्याच क्षणी एक गैरसमजही उत्पन्न झाला. वडील पिढीस तरुणांचे लेखन तुटक, उद्धट व अशुद्ध वाटते. तरुण पिढीस वडिलांचे लेखन पाल्हाळिक, कृत्रिम व कधीकधी रागावलेले वाटते. शब्द ओळखीचे असूनही हेतू कळत नाही, अशी ही अवस्था आहे. ती का उत्पन्न झाली, आणि तिच्यातून भाषेचा ऱ्हास सिद्ध होतो किंवा कसे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. लिपीबदलाचा वारसा

प्रथम एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. नातवाचे लेखन आजोबास न कळणे, किंवा आजोबांचे नातवास न कळणे, हा अनुभव मराठवाड्यास नवा नाही. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथे राज्यकारभाराची व वरिष्ठ शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. टपालखातेसुद्धा संस्थानाचे स्वतंत्र होते व ते १९५० मध्ये भारतीय टपालखात्यात विलीन झाले. त्या काळी शिकलेल्या मराठी माणसाच्या हातात अनेकदा तीन लिप्या असत : कचेरीसाठी उर्दू, हिशेब व घरगुती पत्रे यांसाठी मोडी, आणि पोथी व छापील पुस्तक यांसाठी बाळबोध. कोणती गोष्ट कोणत्या लिपीत लिहावयाची हे प्रसंगावरून ठरे, आणि त्यात कोणास विसंगती वाटत नसे.

पुढे १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले, आणि शाळेत शिकलेल्या पिढीच्या हाती केवळ बाळबोध, म्हणजे देवनागरी, राहिली. परिणाम असा झाला की आज अनेक घरांतील जुन्या मोडी कागदांचा एक शब्दही घरच्यांना वाचता येत नाही. शेताच्या वाटणीचा कागद वाचावयाचा झाल्यास मोडी जाणणाऱ्यास शोधावे लागते. लिपी बदलली तेव्हा भाषा मेली नाही. परंतु दोन पिढ्यांच्या आत घरचेच कागद घरच्यांना परके झाले. आजच्या बदलाचे मोल करताना हे दोन्ही अर्ध समोर ठेवणे अगत्याचे आहे.

देवनागरीच्या आतही असा एक बदल होऊन गेला आहे. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले शुद्धलेखनाचे १४ नियम १९६२ मध्ये शासनाने स्वीकारले. १९७२ मध्ये त्यांत आणखी ४ नियमांची भर पडली. या नियमांनी उच्चारात नसलेले, केवळ व्युत्पत्तीने वा व्याकरणाने आलेले अनुस्वार काढून टाकले. तत्पूर्वी शिकलेला मनुष्य ‘तुझें पत्र पोंचलें’ असे लिही. त्यानंतर शिकलेला ‘तुझे पत्र पोचले’ असे लिहू लागला. जुन्या वळणाच्या माणसास हे अनुस्वाररहित लेखन उघडेबोडके वाटले असल्यास नवल नाही. आज ज्या पिढीस नातवंडांचे लेखन अशुद्ध वाटते, ती पिढी स्वतः अशाच एका ‘अशुद्ध’ झालेल्या लेखनाची वारस आहे.

२. पत्राची चौकट

मराठी पत्राचे अंग ठरलेले होते. वर ‘श्री’, उजवीकडे स्थळ व मिती, मग मायना, मग क्षेमकुशल, मग मजकूर, शेवटी ‘लोभ असावा ही विनंती’, आणि विसरलेले काही आठवल्यास ताजा कलम. यांतील मायना, मजकूर, ताजा कलम हे शब्दच फारसी-अरबी लेखनपरंपरेतून आलेले आहेत. म्हणजे ज्या चौकटीस आज अस्सल मराठी मानले जाते, ती स्वतः एका संपर्काचे फळ आहे.

या चौकटीतील सर्वांत महत्त्वाचा भाग मायना होय. वडिलांस ‘तीर्थरूप’, धाकट्यांस ‘चिरंजीव’, बरोबरीच्यांस ‘राजमान्य राजेश्री’ अशी पदे ठरलेली असत व लिहिणाऱ्याने प्रथम नाते निश्चित करूनच लेखणी उचलावयाची असे. चांगदेवाची कथा याची साक्ष आहे. ज्ञानेश्वर वयाने लहान, पण अधिकाराने थोर. त्यांस चिरंजीव लिहावे की तीर्थरूप, याचा निर्णय न झाल्यामुळे चांगदेवाने कोराच कागद पाठविला, अशी परंपरागत कथा आहे. तीमागील अध्यात्म बाजूस ठेवले तरी भाषिक मर्म स्पष्ट आहे : मायना ठरत नसेल तर मराठीत पत्राचा आरंभच होत नसे.

दुसरी गोष्ट संक्षेपांची. तरुण पिढी शब्द तोडून लिहिते, हा आजचा मुख्य आक्षेप आहे. परंतु ‘कृ. सा. न. वि. वि.’ हे काय आहे? ‘कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ एवढा मोठा शब्दसमूह पाच-सहा अक्षरांत आणण्याची ती युक्ती आहे. ‘ती.’, ‘चि.’, ‘सौ.’, ‘रा. रा.’, ‘मु. पो.’, ‘ता. क.’, ‘अ. उ. आ.’ ही सर्व त्याच जातीची. १८७९ मध्ये भारतात पोस्टकार्ड सुरू झाले, तेव्हा जागा मर्यादित झाली व संक्षेपांची गरज वाढली. तारेत शब्दांवर पैसे पडत, म्हणून तेथे क्रियापदेही गळू लागली. ही तारसेवा २०१३ च्या जुलैमध्ये बंद झाली, पण तिने लावलेली काटकसरीची सवय लेखनाच्या दुसऱ्या साधनात आधीच उतरली होती. संक्षेप हे तारुण्याचे लक्षण नसून अरुंद जागेचे लक्षण आहे.

३. एकशे साठ आणि सत्तर

अरुंद जागेचे हे तत्त्व मोबाइल संदेशाच्या बाबतीत अक्षरशः गणिताने दाखविता येते. पहिला एसएमएस संदेश ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडात पाठविला गेला. भारतात मोबाइल दूरध्वनी १९९५ मध्ये आला. या पद्धतीत एका संदेशासाठी १४० अष्टके, म्हणजे १,१२० द्व्यंक, एवढीच जागा असते. रोमन लिपीच्या प्रत्येक वर्णास ७ द्व्यंक पुरतात. म्हणून रोमनमध्ये १६० वर्ण मावतात. देवनागरीसाठी मात्र युनिकोड पद्धतीने प्रत्येक चिन्हास १६ द्व्यंक लागतात. म्हणून तिच्या वाट्यास केवळ ७० चिन्हे येतात.

येथे आणखी एक मेख आहे. ही ७० ‘चिन्हे’ म्हणजे ७० अक्षरे नव्हेत. मराठी मनुष्य ‘क्षेमकुशल’ हा शब्द पाच अक्षरांचा समजतो : क्षे, म, कु, श, ल. यंत्र मात्र क, हलन्त, ष, एकार, म, क, उकार, श, ल अशी नऊ चिन्हे मोजते. साहजिकच देवनागरीत क्षेमकुशल कळविणे रोमनपेक्षा किती तरी महाग पडे. त्यातच प्रारंभीच्या अनेक हातयंत्रांवर देवनागरीची सोयच नसे. पाठविलेला मराठी संदेश दुसऱ्या टोकास रिकाम्या चौकोनांची रांग होऊन उमटे. भारतीय मानक ब्यूरोने मोबाइल यंत्रावरील भारतीय लिप्यांसंबंधी मानक प्रसिद्ध केले ते २०१६ मध्ये. तोपर्यंत एका संपूर्ण पिढीची लेखनाची सवय बनून गेली होती. जी मुले २००० नंतरच्या दशकात प्रथम संदेश लिहू लागली, त्यांनी रोमन लिपी मराठीच्या तिरस्कारामुळे निवडली नाही. त्यांच्यापुढे दुसरा व्यवहार्य मार्गच नव्हता.

२०१६ च्या सप्टेंबरनंतर इंटरनेटसेवा स्वस्त झाली, व्हॉट्सॲप खेडोपाडी पोचले, वर्णांची मर्यादा उरली नाही. तरीही रोमन लिपी टिकली. कारण नाहीसे झाल्यावरही परिणाम टिकून राहतो, तेव्हा त्यास दुसरा काही आधार मिळालेला असतो. तो आधार कोणता, हे पाहिले पाहिजे.

४. रोमन लेखनात काय लोपते, काय प्रगटते

रोमन लिपीत मराठी लिहिताना बरेच भेद बुजतात. ‘ल’ व ‘ळ’ एक होतात. म्हणून ‘मला’ व ‘मळा’, ‘आली’ व ‘आळी’, ‘वेल’ व ‘वेळ’ हे सारखेच दिसतात. दन्त्य व मूर्धन्य वर्ण एक होतात. ‘वात’ व ‘वाट’, ‘दात’ व ‘दाट’ यांत फरक राहत नाही. ‘अ’ व ‘आ’ यांना एकच वर्ण वापरला जात असल्याने ‘मन’ आणि ‘मान’ यांचाही निर्णय संदर्भावर सोपवावा लागतो. हा तोटा खरा आहे. परंतु मोडी लिहिणाऱ्यांनीही ह्रस्व-दीर्घाचा भेद सोडूनच दिला होता. शब्दांमध्ये अंतर नसे, विरामचिन्हे नसत, आणि वाचणारा संदर्भाने वाचीत असे. घाईच्या घरगुती लेखनात लिपीने सोडलेले काम वाचकाने करावे, ही रीत जुनीच आहे.

उलट काही ठिकाणी रोमन लेखन देवनागरीपेक्षा अधिक भेद दाखविते. मराठीतील ‘ज’चे दोन उच्चार आहेत. ‘जग’ हा दुनिया या अर्थी शब्द आणि ‘जग’ हे जगण्याचे आज्ञार्थी रूप, यांतील ‘ज’ कानास भिन्न ऐकू येतो, पण देवनागरीत दोन्ही एकच लिहिले जातात. रोमन लिहिणारी मुले दुसऱ्यासाठी पुष्कळदा निराळा वर्ण योजतात. त्यांना कोणी हे शिकविलेले नसते. कान जे ऐकतो ते हात लिहितो एवढेच.

आणि येथेच रोमनच्या टिकाऊपणाचे कारण सापडते. देवनागरी लिहिणाऱ्याच्या मागे शाळेतील तांबडी शाई उभी असते : कोणता इकार ऱ्हस्व, कोणता उकार दीर्घ, याची भीती. रोमन मराठीस शुद्धलेखनाचे नियमच नाहीत. म्हणून तीत चूक होण्याचे भय नाही. ज्या विद्यार्थ्याच्या घरची बोली पुस्तकी मराठीपासून दूर आहे, त्याला ही मोकळीक अधिकच मोलाची वाटते.

५. बोलीचा प्रवेश

जुन्या पत्रलेखकाने घरी कोणतीही बोली बोलली तरी पत्र तो प्रमाण भाषेतच लिही. जिंतूर-परभणीकडील मनुष्य बोलताना ‘मी जायलो’ म्हणे, पण लिहिताना ‘मी जात आहे’ असेच लिही. बोलणे व लिहिणे या दोन स्वतंत्र पायऱ्या होत्या. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फर्ग्युसन याने १९५९ मध्ये ज्या स्थितीचे वर्णन केले, की एकाच समाजात भाषेची एक उच्च व एक नित्याची अशी दोन रूपे कामे वाटून घेऊन नांदतात, तिच्याशी या स्थितीचे साम्य आहे. महामंडळाच्या नियमांनीही ‘केलं’, ‘घरं’ यांसारखी बोलण्यातील रूपे पात्राच्या तोंडी घालण्यास मुभा दिली. एरव्ही ‘केले’, ‘घरे’ हीच रूपे लिहावयाची.

तरुणांच्या संदेशात ही पायरी मोडली आहे. ‘कामून’, ‘गेलतो’, ‘काय करायलास’, ‘लई’ ही रूपे प्रथमच मोठ्या प्रमाणावर लिहिली जात आहेत. दखनी व मराठी बोलणाऱ्यांच्या शेजारातून आलेले ‘हौ’ आणि ‘नक्को’ हे शब्दही त्यांत सहज येतात. उर्दू घरांतील मुले आपली भाषा रोमनमध्ये लिहितात तेव्हा लिपीचा पडदा दूर होऊन शेजारच्या मराठी मुलास ती वाचता येते, हाही या व्यवहाराचा एक अनपेक्षित परिणाम आहे. ज्या बोलीचे लेखी नमुने एरव्ही ग्रामीण कथांतील संवादांतच सापडावयाचे, ती आता स्वतःच्या कामासाठी लिहिली जात आहे. ज्या दृष्टीस हे अशुद्ध लेखन वाटते, तीच दृष्टी शंभर वर्षांपूर्वीचे बोलीतील एखादे पत्र सापडल्यास त्यास अमोल साधन म्हणेल.

६. आदराचे स्थानांतर

मायना गेला म्हणजे आदर गेला, असा समज आहे. एक साधा नमुना घेऊन तो पारखता येईल. नात लिहिते : ‘आबा जेवलाव का’. येथे तीर्थरूप नाही, साष्टांग नमस्कार नाही, प्रश्नचिन्हही नाही. परंतु ‘जेवलास’ नव्हे, ‘जेवलाव’ आहे. मराठवाड्याच्या बोलीत ‘काय करायलास’ हे ‘तू’स उद्देशून व ‘काय करायलाव’ हे ‘तुम्ही’स उद्देशून योजतात. आदर पत्राच्या माथ्यावरून उतरून क्रियापदाच्या अंती येऊन बसला आहे. ज्याची दृष्टी माथ्यावरच शोध घेते, त्याला तो दिसत नाही. शिवाय वडिलास दिवसातून चार वेळा लिहावयाचे झाल्यास प्रत्येक वेळी मायना घालणे, हे एकाच ओट्यावर बसलेल्या माणसास प्रत्येक वाक्यामागे नमस्कार घालण्यासारखे होईल. पत्र हे भेट होते, संदेश हे सहवासातील बोलणे आहे.

तसाच प्रकार ‘सुप्रभात’च्या चित्रांचा. वडील मंडळी रोज सकाळी फुले, देव व सुविचार यांची चित्रे पाठवितात. तरुण त्यांस निरर्थक समजतात व न उघडताच पुसून टाकतात. परंतु ‘इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेमकुशल कळवावे’ या ओळीत तरी कोणती बातमी होती? संबंध जिवंत आहे एवढेच सांगणाऱ्या अशा भाषाव्यवहाराकडे मॅलिनोव्स्की या मानवशास्त्रज्ञाने १९२३ मध्ये लक्ष वेधले होते. पुण्यास नोकरीनिमित्त असलेल्या मुलास जिंतुराहून रोज सकाळी येणारे फुलाचे चित्र म्हणजे खुशालीचे कार्डच होय. ज्या दिवशी ते येत नाही, त्या दिवशी त्याचा अर्थ कळतो.

७. विरामाचा अर्थ

सर्वाधिक गैरसमज मात्र सर्वांत लहान चिन्हामुळे होतो. मराठीत विरामचिन्हे रूढ झाली ती एकोणिसाव्या शतकात, छापील गद्याबरोबर. मेजर कँडीची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ १८५० ची. शाळेत शिकलेल्या पिढीने पूर्णविराम हा शिस्तीचा भाग मानला. तरुण पिढीच्या संदेशात मात्र ओळ संपली की संदेश जातो. वाक्य संपल्याचे काम ओळच करते. पूर्णविराम अशा रीतीने कामातून मोकळा झाला, आणि भाषेत मोकळे झालेले चिन्ह नवा अर्थ धारण करते. ‘बरं’ म्हणजे होकार, ‘बरं.’ म्हणजे नाराजी. अमेरिकेतील बिंगहॅमटन विद्यापीठातील सेलिया क्लिन व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे आढळले की एका शब्दाच्या उत्तरापुढे पूर्णविराम असता तरुण वाचकांना ते कमी मनःपूर्वक वाटते. तेच उत्तर हस्तलिखित चिठ्ठीत असता हा फरक पडत नाही. म्हणजे चिन्हाचा अर्थ चिन्हात नसून लेखनप्रकारात आहे. वडील ‘ये.’ असे लिहितात तेव्हा ते व्याकरण पाळीत असतात. मुलगा ते वाचतो तेव्हा त्याला दटावणी ऐकू येते. दोघेही आपापल्या नियमाने बरोबर असतात, म्हणूनच कोणी खुलासा करीत नाही.

ही चिन्हांची संवेदना मराठी समाजास अपरिचित नाही. अशुभ वार्तेच्या कार्डाचा कोपरा फाडलेला असे व वाचून ते नष्ट करीत. अक्षर न वाचताच अर्थ कळे. महानुभावांच्या सकळ लिपीने ग्रंथ पंथाबाहेरच्यांपासून झाकून ठेवला. चिन्हांनी आपले-परके ठरविणे हा लेखनाचा जुना स्वभाव आहे.

८. समारोप

संक्षेपांमुळे मुलांची भाषा बिघडते, या समजास संशोधनाने विशेष आधार दिलेला नाही. प्लेस्टर, वुड व जोशी यांनी २००९ मध्ये इंग्लंडातील दहा ते बारा वर्षांच्या मुलांविषयी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात संदेशातील खास रूपे वापरण्याचे प्रमाण व वाचनक्षमता यांचा अनुकूल संबंध आढळला. तो अभ्यास इंग्रजीचा, एकाच लिपीतील असल्याने मराठीस जसाच्या तसा लावता येणार नाही. मराठीपुढील प्रश्न निराळा आहे : अनौपचारिक लेखन रोमनमध्ये आणि औपचारिक देवनागरीत, अशी कायमची वाटणी झाली तर देवनागरी ही केवळ परीक्षेची व अर्जाची लिपी होऊन बसेल. लिपी जगते ती घरगुती वापरावर. मोडी नाहीशी झाली ती घरातून गेली तेव्हा. २०१७ पासून मराठीत बोलून टंकन करण्याची सोय झाली असून तिने काही वडीलधाऱ्यांना देवनागरीकडे परत आणले आहे. परंतु हे यंत्र प्रमाण रूपांवर पोसलेले असल्याने बोलीतील रूपांस ते सहज ओळखीत नाही.

यावरून दोन कर्तव्ये निष्पन्न होतात. पहिले शाळेचे : अर्ज, पत्र व संदेश यांचे नियम वेगळे आहेत हे शिकवावे, आणि संदेशातील बोली देवनागरीत लिहिण्यास संकोच वाटू देऊ नये. ‘जायलो’ हे रूप निबंधात अस्थानी असेल, पण ते चूक नाही, एवढे शिक्षकाने म्हटले तरी रोमनचा अर्धा आधार गळून पडेल. दुसरे कर्तव्य अभ्यासकांचे. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध केली, ती घरोघरच्या दप्तरांत कागद टिकले होते म्हणून. आजचे संदेश यंत्र बदलताच नष्ट होतात. मोडी कागद वाचता येत नाहीत, पण निदान आहेत. या पिढीचे घरगुती लेखन वाचता येते, पण राहणार नाही. लिहिणाऱ्यांच्या संमतीने, नावे वगळून, गावोगावच्या तिन्ही पिढ्यांचे नमुने आताच जतन करावयास हवेत. जिंतूरसारखे गाव, जेथे उर्दू, मोडी, बाळबोध व रोमन या चारही लेखनांच्या खुणा एकेका घराण्याच्या स्मृतीत सापडू शकतात, ते या कामाच्या आरंभास योग्य स्थान होय.